गृहिणींचा व्यायाम आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल

आरोग्यावर लिहिणाऱ्यानें वैद्यच असलें पाहिजे असा दंडक असता, तर प्रस्तुत लेखकानें ही लेखणी हातीं धरली नसती. माझें सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. शरीरशास्त्राशीं संबंध आला तो केवळ वाचनानें. परंतु आमच्या घरांत एक लहानसा प्रसंग घडला, आणि ज्या विषयाकडे मीं कधीं ढुंकूनहि पाहिलें नव्हतें त्याचा अभ्यास करणें मला भाग पडलें. त्या अभ्यासांत जें हातीं लागलें तें पुष्कळ घरांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रसंग असा. माझ्या कुटुंबाची साठी उलटली तेव्हां चिरंजिवांनीं आग्रह करून तिच्या रक्ताची तपासणी करविली. कागद घरीं आला. एकूण कोलेस्टेरॉल २३६, एलडीएल १५८, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १८५. त्याच वेळीं माझीहि तपासणी झाली होती. माझे आकडे तिच्याहून पुष्कळच बरे होते. आमचे डॉक्टर तिला म्हणाले, "वहिनी, रोज चालायला जातां का?" तिनें सरळ उत्तर दिलें, "दिवसभर घरांत चालतेंच आहें कीं! आणखी कुठें जाऊं?" डॉक्टरांनीं माझ्याकडे पाहिलें. मी गेलीं तीस वर्षें रोज पहाटे पर्वतीस जातों हें त्यांस ठाऊक होतें. या तीस वर्षांत "तूंहि चल" असें मीं तिला एकदांहि म्हटलें नव्हतें. आणि ती आली असती तर सकाळचा चहा, मुलांचे डबे, पूजेची तयारी कोणी केली असती, हा प्रश्नहि माझ्या मनास शिवला नव्हता. माझा व्यायाम तिच्या श्रमांवर चालला होता, हें मला त्या दिवशीं समजलें.

हें कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

या शब्दाचा धसका सुशिक्षित घरांतून आतां पुष्कळच बसला आहे. पण तो पदार्थ मूळचा शत्रु नव्हे. १८१५ सालीं शेव्रल नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें पित्ताशयांतील खड्यांत सांपडणाऱ्या एका मेणचट द्रव्यास ग्रीक भाषेंतील 'पित्त' व 'घन' या अर्थाच्या शब्दांवरून नांव दिलें. आजचा शब्द त्यापासूनच आला. हें द्रव्य शरीरास हवेंच असतें. प्रत्येक पेशीच्या आवरणांत तें आहे; पित्तरसांतील आम्लें, ड जीवनसत्त्व आणि स्त्रीत्वाचीं लक्षणें राखणारीं संप्रेरकें त्यापासूनच घडतात. आहारांतून तें मुळींच आलें नाहीं तरी शरीर, विशेषतः यकृत, तें स्वतः तयार करतें.

अडचण उत्पन्न होते ती वाहतुकींत. स्निग्ध पदार्थ पाण्यांत विरघळत नाहीं, आणि रक्त तर बव्हंशीं पाणीच. म्हणून प्रथिनांच्या वेष्टनांत बांधलेल्या सूक्ष्म कणांतून हा माल रक्तांत हिंडतो. यकृत ही कोठी मानली, तर एलडीएल ही कोठींतील माल गांवोगांव नेणारी गाडी होय. गाड्या गरजेपुरत्या असल्या तर उत्तम. फाजील झाल्या कीं माल वाटेंतच सांडतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मुरतो आणि वर्षानुवर्षें तेथें थर चढत जातो. एचडीएल ही उलट दिशेची गाडी. ठिकठिकाणीं उरलेलें कोलेस्टेरॉल उचलून पुन्हां कोठीकडे आणण्यास ती हातभार लावते. ट्रायग्लिसराइड हें कोलेस्टेरॉल नव्हे. ती इंधनाची चरबी. खाण्यांतील जास्तीची साखर, पीठ, तूप व तेल यांचा सांठा या रूपानें होतो. तेव्हां कागदावरील एकूण आकडा पाहून आनंद अगर शोक करण्यापूर्वीं हे तीन आकडे निरनिराळे वाचावे. व्यायामाचा परिणाम तिन्हींवर सारखा होत नाहीं, हा या लेखांतील मुख्य मुद्दा आहे.

स्त्रियांचें वेगळेपण

हृदयविकार हें पुरुषांचें दुखणें, अशी समजूत अजून आपल्यांत आहे. आणि त्यास थोडेंफार कारण संशोधकांनींहि पुरविलें आहे. व्यायाम व हृदय यांचा संबंध ज्या संशोधनानें प्रथम जगाच्या नजरेस आणला, तें डॉ. मॉरिस यांचें १९५३ सालचें संशोधन लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचें होतें. दिवसभर जिन्यानें वर-खालीं करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां हृदयविकार कमी होतो, असें त्यांस आढळलें. परंतु ते कंडक्टर व ड्रायव्हर सर्व पुरुष होते. वस्तुस्थिति अशी कीं, हृदय व रक्तवाहिन्या यांचे रोग हें जगांतील स्त्रियांच्याहि मृत्यूचें सर्वांत मोठें कारण आहे. फक्त स्त्रियांस ते साधारणतः कांहीं वर्षें उशिरां गांठतात.

या उशिराचें एक कारण स्त्रियांच्या रक्तांत दिसतें. मासिक धर्म चालू असेतोंवर स्त्रियांचें एचडीएल पुरुषांहून अधिक असतें. म्हणूनच पुरुषांत ४० मिलिग्रॅमखालीं आणि स्त्रियांत ५० मिलिग्रॅमखालीं एचडीएल उतरलें म्हणजे तें कमी समजतात. हे सर्व आकडे १०० मिलिलिटर रक्तामागचे आहेत. पुढें मासिक धर्म थांबतो त्या सुमारास चित्र पालटतें. अमेरिकेंत १,०५४ स्त्रियांची वर्षानुवर्षें तपासणी करून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, शेवटच्या ऋतुस्रावाच्या आधींचें एक वर्ष व नंतरचें एक वर्ष या अवधींत एकूण कोलेस्टेरॉल व एलडीएल एकदम चढतें. आणि ही चढण केवळ वाढत्या वयानें होणाऱ्या चढणीहून निराळी असते. म्हणजे पंचेचाळीस ते पंचावन्न या वयांत, ज्या वेळीं मुलांचीं लग्नें, सासूसासऱ्यांचीं आजारपणें व घरचा सारा कारभार स्त्रीच्या शिरावर असतो, त्याच वेळीं तिच्या रक्तांत हा बदल मुकाट्यानें होत असतो. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं. म्हणून कोणास कळत नाहीं.

आपल्या देशाची स्थिति याहून चिंतेची आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आश्रयानें महाराष्ट्र, तमिळनाडु, झारखंड व चंदीगड येथें जी पाहणी झाली, तिचे २०१४ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : तपासलेल्या प्रौढांपैकीं ७२.३ टक्के लोकांचें एचडीएल कमी होतें, ट्रायग्लिसराइड २९.५ टक्क्यांचें जास्त होतें. एकूण कोलेस्टेरॉल मात्र १३.९ टक्क्यांचेंच जास्त होतें. एचडीएल कमी असणाऱ्यांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून अधिक होतें. त्याच पाहणीच्या दुसऱ्या अहवालांत निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले, आणि त्यांतहि स्त्रिया पुढें. आपला दोष मुख्यतः कमी एचडीएल व जास्त ट्रायग्लिसराइड हा आहे. आणि व्यायामाचा हात नेमका याच दोहोंपर्यंत सर्वांत चांगला पोंचतो.

व्यायाम करतो तरी काय?

स्नायु काम करूं लागला कीं त्याला इंधन लागतें. प्रथम तो जवळची साखर जाळतो. हालचाल कांहीं वेळ चालूं राहिली म्हणजे चरबीवर त्याचा भर वाढतो. स्नायूंतील केशवाहिन्यांच्या भिंतींवर एक विकर असतो. रक्तांतून जाणाऱ्या कणांतील ट्रायग्लिसराइड फोडून तें स्नायूच्या हवालीं करणें हें त्याचें काम. नियमित व्यायामानें या विकराचा जोर वाढतो. ट्रायग्लिसराइड भराभर खर्चीं पडतें, आणि रिकाम्या झालेल्या कणांच्या वेष्टनाचा कांहीं भाग एचडीएलच्या घडणीस उपयोगीं पडतो. म्हणून एक उतरतें तेव्हां दुसरें चढतें.

यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एका दिवसाच्या चांगल्या व्यायामानें उतरलेलें ट्रायग्लिसराइड दुसऱ्या दिवशींहि कांहीसें उतरलेलें राहतें. परंतु दोनतीन दिवस खाडा पडला कीं तो परिणाम ओसरतो. रविवारीं एकदम सिंहगड चढून यावयाचें आणि सोमवार ते शनिवार स्वस्थ बसावयाचें, हा क्रम म्हणूनच फारसा फलदायी नाहीं.

एलडीएलची गोष्ट निराळी. तें रक्तांतून काढून घेण्याचें काम मुख्यतः यकृताच्या पेशींवरील ग्राहक करतात. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तूप, लोणी, साय, खोबरेल यांसारखे संपृक्त स्निग्ध पदार्थ फार खाल्ले कीं हे ग्राहक कमी पडतात. स्नायूंनीं कितीहि मेहनत केली तरी यकृताच्या दारावरची ही अडवणूक ते पूर्णपणें दूर करूं शकत नाहींत. तेथें ताटाकडेच पाहावें लागतें.

प्रयोग काय सांगतात?

स्त्रियांवरच केलेला एक प्रयोग मला फार उद्‌बोधक वाटला. तो अमेरिकेंतील डॅलस शहरीं झाला व १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. वीस ते चाळीस वयाच्या, बैठ्या राहणीच्या १०२ स्त्रिया निवडल्या. कांहींनीं नेहमींप्रमाणेंच राहावें, आणि बाकीच्यांनीं २४ आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस, रोज ३ मैल चालावें असें ठरलें. चालणाऱ्यांचेहि तीन गट होते : एकानें तासाला ५ मैल या वेगानें म्हणजे जवळजवळ धांवत, दुसऱ्यानें ४ मैल या वेगानें झपाझप, आणि तिसऱ्यानें ३ मैल या वेगानें रमतगमत चालावयाचें. शेवटपर्यंत ५९ स्त्रिया टिकल्या. त्यांत छातीचा दम वेगाच्या प्रमाणांत वाढला. जी जितकी जोरानें चालली तितका तिचा दम अधिक. परंतु एचडीएलची गोष्ट तशी नव्हती. सर्वांत वेगवान आणि सर्वांत सावकाश, या दोन्ही गटांत तें जवळजवळ सारखेंच, म्हणजे सुमारें ३ मिलिग्रॅम वाढलें.

या निष्कर्षाचें महत्त्व आपल्या घरांतील स्त्रियांस विशेष आहे. धांवणें हें वयाला शोभत नाहीं, गुडघ्यांना झेपत नाहीं, लुगडें अगर साडी नेसून साधत नाहीं, अशा सर्व सबबी येथें गळून पडतात. अंतर सर्वांनीं सारखेंच कापलें. सावकाश चालणारीला तेंच अंतर कापण्यास पाऊण तासाऐवजीं तास लागला इतकेंच. २००७ सालीं जपानी संशोधकांनीं असे पंचवीस प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हां त्यांनाहि हेंच आढळलें कीं, एचडीएल वाढण्यास आठवड्यास निदान दोन तासांचा व्यायाम लागतो, आणि जोरापेक्षां प्रत्येक वेळचा अवधि अधिक मोलाचा असतो.

आतां दुसरी बाजू. २००४ सालीं अमेरिकेंत केवळ स्त्रियांवरील प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला. त्यांत व्यायामानें एकूण कोलेस्टेरॉल सुमारें २ टक्के, एलडीएल ३ टक्के व ट्रायग्लिसराइड ५ टक्के उतरलें, आणि एचडीएल ३ टक्के चढलें. हे आकडे लहान आहेत, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील १९९८ सालच्या प्रयोगानें तर आणखी एक पाऊल पुढें टाकलें. त्यांत ४५ ते ६४ वयाच्या, मासिक धर्म थांबलेल्या १८० स्त्रिया होत्या. त्यांचें एलडीएल जास्त व एचडीएल कमी होतें. एका गटानें वर्षभर केवळ व्यायाम केला, एकानें केवळ आहार बदलला, एकानें दोन्ही केलीं, आणि एकानें कांहींच केलें नाहीं. नुसत्या व्यायामानें एलडीएल लक्षणीय उतरलें नाहीं; नुसत्या आहारानेंहि नाहीं. दोन्ही एकत्र केलीं तेथेंच तें सरासरीनें सुमारें साडेचौदा मिलिग्रॅम उतरलें. एचडीएल मात्र या वयाच्या स्त्रियांत कोणत्याच गटांत विशेष वाढलें नाहीं. तरुणपणीं चालूं लागण्यांत जो लाभ आहे तो साठीनंतर तितकाच मिळेल असें नाहीं, हेंहि यावरून दिसतें. सुनांना व लेकींना हें आजच सांगितलें पाहिजे.

आमच्या घरचा अनुभव

आमच्या घरीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालणें सुरू झालें. पर्वतीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांस सोसणाऱ्या नव्हत्या, म्हणून मींच पर्वती सोडली आणि आम्ही दोघें सपाट रस्त्यानें जाऊं लागलों. पहिल्या पंधरवड्यांत वीस मिनिटें, पुढें वाढवीत पाऊण तास. सहा महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासलें. एकूण कोलेस्टेरॉल २२४, एलडीएल १५१, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १४६. कागद पाहून तिचा चेहरा उतरला. "अहो, सहा महिने एवढे पाय तुडवले आणि सातच कमी?" असें ती म्हणाली. तिचें बोट एलडीएलच्या आकड्यावर होतें.

वर दिलेली माहिती मीं त्या वेळीं शोधली ती तिचें समाधान करण्यासाठींच. ट्रायग्लिसराइड १८५ वरून १४६ वर, म्हणजे १५० च्या इष्ट मर्यादेच्या आंत आलें होतें. एचडीएल तीननें वाढलें होतें. एलडीएल सातनें उतरलें, तें व्यायामाच्या शक्तीप्रमाणेंच उतरलें. डॉक्टरांनीं तिची थायरॉइडची तपासणीहि करविली. कारण ही ग्रंथि मंदावली कीं कोलेस्टेरॉल चढतें, आणि हा विकार स्त्रियांत पुष्कळ आढळतो. ती ठीक निघाली. परंतु तिचा रक्तदाब किंचित् चढा होता आणि तिच्या आईस हृदयविकार होता, हें लक्षांत घेऊन त्यांनीं स्टॅटिन वर्गांतील एक गोळी दिली. अशी गोळी मध्यम मात्रेंत एलडीएल ३० टक्के किंवा त्याहून अधिक उतरविते. यावर तिनें दुसरा बिनतोड प्रश्न केला : "गोळी घ्यायचीच होती, तर चालायचें कशाला?"

हा प्रश्न अनेकींच्या मनांत येतो, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. गोळी एलडीएलचें काम करते आणि चांगलें करते. पण रक्तांतील साखर स्नायूंनीं नीट वापरणें, रक्तदाब थोडा उतरणें, पोटावरची चरबी कमी होणें, हाडें व स्नायु उतारवयांत टिकणें, रात्रीं झोंप लागणें, हीं कामें गोळीचीं नव्हेत. एचडीएलविषयींहि एक धडा अलीकडच्या काळांत मिळाला आहे. औषधें देऊन नुसता एचडीएलचा आकडा वाढविण्याचे मोठे प्रयोग झाले. आकडा वाढला, पण हृदयविकार कमी झाला नाहीं. यावरून असें दिसतें कीं, एचडीएलचा आकडा ही शरीरांतील चरबीच्या उलाढालीची एक खूण आहे. चालण्यानें ती सारी उलाढालच सुधारते, आणि खूण आपोआप थोडी बदलते. आकड्यांतील लहान फरकामागें शरीरांतील मोठा फरक असूं शकतो.

"दिवसभर राबतेंच आहें"

आतां डॉक्टरांना तिनें दिलेल्या पहिल्या उत्तराकडे वळतों. घरकाम हा व्यायाम नव्हे काय? याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, कांहीं घरकाम आहे, पुष्कळसें नाहीं. गुडघ्यांवर बसून फरशी पुसणें, हातानें गोधड्या धुणें, पाण्याच्या घागरी भरून आणणें यांत श्वास वाढतो; तो व्यायामच. पण ओट्याशीं उभें राहून स्वयंपाक करणें, भाजी चिरणें, वाढणें, आवरणें यांत पाय दुखतात, कंबर मोडते, आणि हृदयाची गति मात्र फारशी वाढत नाहीं. रमतगमत चालण्यास जेवढी शक्ति लागते तेवढीहि त्यांत लागत नाहीं. शिवाय तें काम तुटक असतें. पांच मिनिटें धांवपळ, दहा मिनिटें उभें राहणें. म्हणून गृहिणी संध्याकाळीं थकलेली असते ही गोष्ट खरी, आणि तिला व्यायाम झालेला नसतो ही गोष्टहि खरी.

आमच्या आजीच्या काळीं पहाटे जात्यावर दळण, उखळांत कांडण, विहिरीवरून पाणी हें सर्व होतें. तें परत यावें असें मी म्हणणार नाहीं. त्या श्रमांनीं कितीजणी अकालीं झिजल्या हें आपण आपल्याच घरांत पाहिलें आहे. जातें गेलें, नळ आला, मिक्सर आला, लिफ्ट आली, हें इष्टच झालें. पण या यंत्रांनीं श्रम जितके वांचविले तितका वेळ गृहिणीच्या पदरांत पडला नाहीं. तो डब्यांत, पाहुण्यांत, नातवंडांच्या अभ्यासांत आणि आल्यागेल्याच्या चहांत वांटला गेला.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न अधिक नाजूक असतो. सुनेनें सकाळीं सहा वाजतां चपला घालून बाहेर पडणें हें अजून कांहीं घरांत विचित्र दिसतें. सासूनें जाणें तर त्याहून. एकीनें गेल्यास दुसरीवर भार पडतो, म्हणून दोघीहि जात नाहींत. परंतु याच एकत्र कुटुंबांत मनुष्यबळहि आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकीनें जावें, मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसरीनें. किंवा सकाळचा पाऊण तास घरांतील पुरुषांनीं स्वयंपाकघर संभाळावें आणि सासूसुना मिळून जाव्यात. चहा करणें व पोळ्यांचे डबे भरणें यांस विद्वत्ता लागत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.

किती, कसा आणि केव्हां सावध राहावें?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांकरितां ठरविलेलें प्रमाण असें : आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम जोराची हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. मध्यम जोर ओळखण्याची सोपी खूण अशी कीं, चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये. विष्णुसहस्रनाम पुटपुटतां येईल, परंतु आरती खड्या सुरांत म्हणतां येणार नाहीं, इतपत वेग असावा. एकदम तास साधत नसेल तर दोनदां वीस वीस मिनिटें चालावें. पावसाळ्यांत गच्चीवर अगर मोठ्या व्हरांड्यांत चालण्यास हरकत नाहीं.

स्नायूंच्या बळासाठीं खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें-बसणें, भिंतीला हात लावून जोर काढणें, एवढेंहि आरंभास पुरे. सूर्यनमस्कार आपल्या ओळखीचे आहेतच. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांचा मोठ्या निष्ठेनें प्रसार केला, आणि तो केवळ पुरुषांपुरता ठेवला नाहीं. गुडघे व मनगटें धड असतील त्यांनीं ते अवश्य घालावे.

याच्या जोडीस ताट. स्टॅनफर्डचा धडा येथें उपयोगीं आणावयाचा. तूप पानावर एक चमचा असावें; पोळीला, भाताला, वरणाला, पुन्हां शिऱ्याला असें नसावें. साय व लोणी यांचा संचय कमी करावा. वनस्पति तूप घरांत आणूं नये. डाळी, मोड आलेलीं कडधान्यें, पालेभाज्या, सालासकट फळें वाढवावीं. उपवासाच्या दिवशीं साबुदाणा, बटाटा व दाणे यांवर दुप्पट खाणें होतें, त्याला उपवास हें नांव शोभत नाहीं.

सावधगिरीच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या आहेत. चालतांना छातींत दाब, जबडा, पाठ किंवा हात यांत वेदना, नेहमींहून निराळी धाप, मळमळ अगर एकाएकीं गळून गेल्यासारखें वाटणें, यांपैकीं कांहींहि झालें तर थांबावें आणि डॉक्टरांकडे विनाविलंब जावें. स्त्रियांत हृदयविकाराचीं लक्षणें पुष्कळदां अशीं आडवळणानें येतात, आणि 'पित्त झालें असेल' म्हणून घरचेच त्यांकडे दुर्लक्ष करतात. मधुमेह अगर जुना हृदयविकार असल्यास आरंभापूर्वींच सल्ला घ्यावा. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर तें केवळ चालण्यानें उतरेल या आशेवर बसूं नये; असा दोष पुष्कळदां आनुवंशिक असतो आणि त्याला औषधच लागतें. गर्भारपणीं कोलेस्टेरॉल स्वभावतःच वाढतें, त्या आकड्यानें घाबरूं नये. आणि चालणें सुरू केलें म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मतानें बंद करूं नये.

संस्कृतचा जुना विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुश्रुतानें आणि वाग्भटानें व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा असें सांगितलें आहे. चरकानें अतिव्यायामाचे दोष मोजून दाखविले आहेत. आणि वाग्भटानें व्यायामाच्या फलांत मेदाचा क्षय गणला आहे. मेद म्हणजेच कोलेस्टेरॉल असें समीकरण मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल, कारण त्या आचार्यांजवळ रक्त तपासण्याचीं साधनें नव्हतीं. पण माफक व्यायाम आणि तो नित्य, ही त्यांची शिकवण डॅलसच्या त्या सावकाश चालणाऱ्या स्त्रियांनीं खोटी पाडली नाहीं, एवढें खचित.

असो. आज आमच्या घरीं दीड वर्ष हा क्रम चालू आहे. आतां सूनबाईहि आठवड्यांतून तीन दिवस सासूबरोबर जाते, आणि त्या दिवशीं मी घरीं राहतों. चहा थोडा जास्त उकळतो अशी तक्रार आहे; नातवाच्या डब्यांत चटणी विसरल्याचीहि एकदोनदां झाली. दोघी परत येतात तेव्हां जिन्यावरून त्यांचें बोलणें ऐकूं येतें. पूर्वीं स्वयंपाकघरांत या दोघींत इतकें बोलणें होत नसे. हें कोणत्याहि तपासणीच्या कागदावर उमटणार नाहीं. तरी तें मीं येथें नोंदून ठेवलें आहे. ज्या वाचकांच्या घरांत पहाटे फिरावयास जाणारे पुरुष असतील, त्यांनीं उद्यां उंबरठा ओलांडण्यापूर्वीं क्षणभर मागें वळून पाहावें, इतकीच विनंति आहे.